गळतीला थंडी कळत नाही

२७ नोव्हेंबर, सोमवार

काय झालं ते आधी क्रमाने.

१. सकाळी ९.४० वाजता सेमगोल गावच्या सभागृहाच्या अंगणातले दोन्ही नळ बंद पडले.
२. त्या वेळी तिथे सामुदायिक किमचीसाठी, म्हणजे हिवाळ्याच्या कोबीच्या लोणच्यासाठी, रात्रभर मिठात ठेवलेले लांब कोबीचे ३२० गड्डे होते. त्यातले ४५ धुऊन झाले होते.
३. ९.५५ ला गावप्रमुख हान काका टेकडीवर चढले. टाकी रिकामी होती. पंप चालू होता.
४. १०.३० ला तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात फोन आला. तो मी घेतला.
५. टँकर १.१५ ला पोचला. कोबी ठरल्यापेक्षा साडेतीन तास जास्त मिठात राहिला.
६. कोणीतरी म्हणालं, "कंटेनरवाले दिवसभर आंघोळी करत बसतात." कंटेनरवाले म्हणजे शेतांवर कंटेनरमध्ये राहणारे परदेशी कामगार. पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा सगळेच म्हणत होते.

सेमगोल माझं गाव आहे. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तूच बघ. पत्ते विचारत फिरावं लागणार नाही." माझे आईवडील तिथे राहतात, हेही सांगितलं. "सगळ्यांचे आईवडील कुठे ना कुठे राहतातच," म्हणाले आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

अंगणात रबरी हातमोजे घातलेल्या पंधरा-सोळा बायका टँकरकडे पाठ करून बसल्या होत्या. टँकर उशिरा आल्याचा राग बहुधा माझ्यावर होता. एकीने कोबीचं पान तोंडात घातलं आणि थुंकलं.

"यंदा किमची खायची नाही, नुसती चाटायची."

"मीठ कोणी घातलं होतं?"

"मीठ बरोबर होतं गं. पाणी चुकलं."

आई एका उलट्या बादलीवर बसून पानं वेगळी करत होती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. बाबांनी माझ्या हातातली अवजारांची पेटी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गळती आहे. पाइप हिच्या वयाचा आहे. हिच्यासारखाच, बाहेरून काही दाखवत नाही."

सगळे हसले. मीही, थोडं.

२९ नोव्हेंबर

टाकीच्या मुखाशी नोंदयंत्र बसवलं. दर दहा मिनिटांनी किती पाणी बाहेर गेलं ते लिहून ठेवतं.

माहीत असलेले आकडे: टाकी ६० हजार लिटरची. पंप दिवसाला जास्तीत जास्त ४० हजार चढवतो. सरकारी नोंदीत घरं ३८, माणसं ६१. एवढ्या माणसांना दिवसाला अकरा हजार पुरायला हवं. म्हणजे टाकी कधीच रिकामी होता कामा नये.

बाबा बरोबर आले. गरज नव्हती, पण पेटी त्यांनीच उचलली.

"हे किती दिवस राहणार?"

"महिनाभर."

"रात्रीसुद्धा लिहितं?"

"त्याला झोप नसते, बाबा."

"बरं आहे त्याचं," म्हणाले. उतरताना परत एकदा विचारलं, महिनाभर म्हणजे नक्की कधीपर्यंत.

४ डिसेंबर

हान काका चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. गावप्रमुखपद सोडतायत. २८ तारखेच्या वार्षिक सभेत नवा प्रमुख निवडायचा आहे. दोन नावं आली आहेत. एक बाबांचं. दुसरं मिन्सॉकच्या आईचं.

मुलाच्या नावावरून सगळे तिला तसंच म्हणतात; तिचं खरं नाव लुआ. सतरा वर्षांपूर्वी व्हिएतनामहून लग्न होऊन आली, नवरा गेल्यावर परत गेली नाही. गावच्या पॉलीहाऊसमध्ये पिकणारी खायची पानं बाजारात नेणारा ट्रक तीच चालवते. आमची गावठी बोली माझ्यापेक्षा तिची चांगली आहे; मी शहरात शिकताना ती घासून टाकली.

आज सभागृहात मीटर वाचायला गेले, तेव्हा दोघंही तिथे होते.

बाबा म्हणत होते, "माझं एकच म्हणणं आहे. वसंतापर्यंत कंटेनरचे नळ बंद. गावचं पाणी आधी गावाला. मग बाकीचे."

"बाकीचे म्हणजे कोण, मून काका?" मिन्सॉकच्या आईने विचारलं. "तुमची पानं कोण खुडतं? गावच खुडतं ना? मग बघू तरी. उद्या सकाळी सहाला सगळ्या आज्यांना तुमच्या पॉलीहाऊसमध्ये पाठवते. दिवसाला पंधरा हजार पानं, दहा-दहाची जुडी. संध्याकाळी सरळ उभ्या राहिल्या तर मी नाव मागे घेते."

"तू त्यांच्या बाजूने बोलणारच. तिकडचीच तू."

"तिकडची? माझ्या सासूचं आजारपण सात वर्षं काढलं, तेव्हा नाही कोणी म्हणालं तिकडची."

हान काका डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "भांडा, पण दार लावून भांडा. थंडी आत येतेय."

मी आकडे लिहून घेतले आणि निघाले. कोणाची बाजू घेणं माझ्या कामात बसत नाही.

९ डिसेंबर, शनिवार

पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी उतरवल्या.

दिवसाचा वापर, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, सरासरी २७ हजार लिटर. माणशी १८० लिटर धरले तर दीडशे माणसं. नोंदीत एकसष्ट आहेत.

उरलेले नव्वद कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर ते कुठेच नाहीत. पॉलीहाऊसच्या रांगांमध्ये काळी जाळी टाकलेले लांबट ढीग दिसतात. वरून बघणाऱ्याला वाटावं खतं झाकलीत. जाळीखाली कंटेनर आहेत. मी चालत जाऊन नळ मोजले. चौदा. त्यातले तीन बाबांच्या जमिनीवर.

शेवटच्या कंटेनरबाहेर चन्था कपडे पिळत होती. कंबोडियाची आहे, सहा वर्षं बाबांकडे काम करते. मी कॉलेजातून सुट्टीत यायचे तेव्हापासून ओळखते, पण कधी बोललो नव्हतो फारसं.

"नळ मोजताय की आम्हाला?" तिने विचारलं.

"नळ."

"नळ बरा. नळाला व्हिसा लागत नाही."

हे बंद केले तर पाणी कुठून आणाल, असं विचारलं. तिने पॉलीहाऊसच्या बोअरकडे हनुवटीने दाखवलं. "मालक म्हणाले, पिंप भरून देतो. त्यातलंच."

त्या बोअरच्या पाण्याचा नमुना घेतला. नायट्रेट ३१. पिण्याच्या पाण्यात दहाच्या वर चालत नाही. खतांचं पाणी मुरून मुरून हे झालं आहे. उकळून कमी होत नाही, वाढतं. तिला सांगितलं.

"किती दिवस प्यायलं तर काय होतं?"

"मोठ्या माणसांना लगेच काही दिसत नाही. बाळांना धोका असतो."

"दुसऱ्या रांगेत दोघी गरोदर आहेत," ती म्हणाली. "एकीचं मार्चमध्ये आहे."

तिने कपडे परत पिळायला घेतले. त्यांत पाणी उरलं नव्हतं.

१० डिसेंबर

घरी जेवले. किमची फारच खारट. आई प्रत्येक घासाला म्हणते, "खा, भाताबरोबर चालतं."

जेवून झाल्यावर ती टीव्हीसमोर पानांच्या जुड्या बांधत होती. मी पण बसले. दहा पानं, देठ सारखे करायचे, रबर लावायचं. लहानपणी पॉलीहाऊस तीन होती. तेवढीच आई आणि बाबा मिळून खुडू शकत. आता नऊ आहेत. गावात तेव्हा चाळीस होती, आता दोनशे दहा. हात आले म्हणून पॉलीहाऊस वाढली. ती वाढली म्हणून बोअर वाढल्या. आठ वर्षांत जमिनीखालचं पाणी अकरा मीटर उतरलं आहे. शाळा मात्र उघडी राहिली आणि बस दिवसातून सहा वेळा येते. हे सगळं एकाच तक्त्यात मांडता येईल.

"पानं छान आहेत यंदा," मी म्हणाले. खरंच होती. हान काकांची कडेने काळी पडलीत थंडीने.

"तुझे बाबा जीव टाकतात त्यांच्यावर. थंडी पडली की दहाला उठून जातात बघायला. या वयात." आईने जुडी उलटी करून पाहिली. "मी म्हटलं, चन्थाला सांगा. तर म्हणाले, हे माझं मीच बघतो."

बाबा अंघोळीला गेले होते. माझे बूट दाराशी पुसून ठेवलेले सापडले.

१६ डिसेंबर

प्रश्न दिवसाच्या पाण्याचा नाहीच. २७ हजार जातात, ४० हजार चढतात. दीडशे माणसांना पुरून उरतं.

प्रश्न रात्रीचा आहे. बहुतेक रात्री दहा ते सहा, तासाला ३,२०० लिटर, एकसारखा प्रवाह. आठ तासांत २५,६००. दोन्ही मिळून साडेबावन्न हजार. अशा प्रत्येक दिवशी साडेबारा हजारांची तूट. सलग पाच रात्री असं झालं की टाकी तळाला लागते.

रात्रभर एकसारखा प्रवाह म्हणजे गळती. पुस्तकात तेच लिहिलं आहे, बाबाही तेच म्हणत होते. तीन दिवस ऐकण्याचं यंत्र घेऊन सगळी मुख्य नळी पायी फिरले. जमिनीला कान लावल्यासारखं असतं ते. कुठे काही नाही. गावातल्या आज्यांना मी वेडी झाले असं वाटतंय. एक जण म्हणाली, "काय ऐकू येतंय गं? लग्नाचं काही बोलतायत का खाली?"

बाबांनी तिन्ही दिवस विचारलं, सापडली का. नाही म्हटल्यावर म्हणाले, "खोल असेल."

१७ डिसेंबर

काल रात्री तापमान शून्याच्या वर होतं. रात्रीचा प्रवाह: जवळजवळ शून्य.

सगळ्या रात्री हवामानाच्या नोंदींशेजारी लावल्या. तापमान शून्याखाली गेलेल्या रात्री अकरा, त्या अकराही रात्री ३,२००. शून्याच्या वर सात रात्री, सातही रात्री जवळजवळ काही नाही.

गळतीला थंडी कळत नाही.

कोणीतरी गोठायला लागलं की व्हॉल्व्ह उघडतं आणि उजाडताना बंद करतं. हे कंटेनरवाल्यांच्या आंघोळीचं पाणी नाही, पाण्याच्या पडद्याचं आहे. पॉलीहाऊसच्या प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये रात्रभर जमिनीतलं पाणी सोडतात; ते चौदा अंशांचं असतं, त्याची ऊब पिकाला पुरते. एरवी प्रत्येक जण आपल्या बोअरचं वापरतो. ज्याची बोअर आटली, त्याने गावच्या नळीला जोड दिला आहे.

दोन तास खोलीत येरझाऱ्या घातल्या. हे लिहिताना पण उभीच आहे.

१९ डिसेंबर

पाण्याचा पडदा वापरणाऱ्यांची यादी केली. आठ नावं. सोपी तपासणी आहे: गावच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात नसतं. पडद्याचं पाणी ज्या चरीत उतरतं तिथला नमुना घ्यायचा, पूड टाकायची. गुलाबी झालं तर गावचं.

२८ डिसेंबर, गुरुवार

सभा. जेवढं आठवतं तेवढं लगेच लिहिते.

सभागृहात छत्तीस दारांची माणसं. एका दाराला एक मत, ही जुनी रीत. कुटुंबात कितीही माणसं असोत, मत दाराचं. आधी नळ बंद करण्याचा ठराव, मग निवड, असं हान काकांनी सांगितलं.

तेवढ्यात मिन्सॉकची आई आत आली. तिच्यामागे चन्था आणि आणखी तेरा जण. प्रत्येक कंटेनरमधून एक. त्यांनी बूट काढून रांगेत लावले. आमच्यापैकी कोणी ते इतके सरळ लावलेले मी कधी पाहिले नाहीत.

"यांचं इथे काय काम?" बाबा.

मिन्सॉकची आई भिंतीकडे गेली. तिथे विहीर खणली त्या वर्षीचा, सत्याऐंशीचा, गावचा करार चौकटीत लावलेला आहे. त्याच्यावर दिनदर्शिका टांगलेली असते, त्यामुळे अर्धा झाकला जातो. तिने दिनदर्शिका उचलली आणि वाचलं: "जे दार या विहिरीचं पाणी वर्षभर पितं, आणि टाकी धुवायच्या दिवशी ज्या दारातून माणूस फावडं घेऊन येतो, ते दार सभेत बसेल."

"मग?"

तिने पिशवीतून टाकी धुण्याची हजेरीवही काढली. दर एप्रिलला प्रत्येक दाराने एक माणूस द्यायचा असतो. गेली सहा वर्षं जमीनवाले स्वतः येत नाहीत. कामगारांना पाठवतात. आणि वहीत सही त्याची, जो आला. चन्थाचं नाव सलग पाच वर्षं होतं. तिच्या लिपीत, वळणदार. बाबांचं एकदाही नव्हतं.

सगळे एकदम बोलायला लागले. खालच्या आळीतला एक जमीनवाला उभा राहिला. "माझा माणूस गेला म्हणजे मीच गेलो. माझ्या जमिनीवर चार नळ आहेत, तर चार मतं माझी!"

"मग चार कंटेनरमधल्या आंघोळीही तूच केल्यास," मिन्सॉकची आई म्हणाली. "तेवढा स्वच्छ दिसत नाहीस रे."

हसण्यात दोन मिनिटं गेली. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "करार विहिरीचा आहे, देशाचा नाही. ही माणसं आज ना उद्या जातील. पाणी संपलं तर आपण कुठे जायचं?"

हा प्रश्न चुकीचा नाही. मी तो वहीत लिहून घेतला.

चन्था पुढे झाली. "आम्हाला प्रमुख नको निवडायला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, बोली मात्र आमच्यासारखीच, माझ्या आईकडून उचललेली. "टाकी आत उतरून घासायला चार तास लागतात. खाली शेवाळ असतं. घसरायला होतं. पुढच्या एप्रिलमध्येही येऊ. तोवर नळ राहू द्या, एवढंच."

हान काकांनी करार दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळले. "मूनच्या मुली, पाणी कुठे जातंय ते तुला कळलंय का?"

"किती जातं ते कळलंय. कुठे, ते अजून नाही."

"आंघोळींमध्ये?"

"नाही."

"नक्की?"

"आकडे नक्की आहेत."

काका म्हणाले, "मग आज ठराव नाही आणि निवडही नाही. दहा जानेवारीला परत बसू. आधी हिचा अहवाल. पाणी कोण पितं ते कळल्याशिवाय दार कोणाचं ते ठरत नाही. नळ बंद करायचे की नाही, ते त्यावरच."

बाहेर बाबा म्हणाले, "तुला तिथे बोलायची काय गरज होती?"

"मला विचारलं."

"माझ्याकडे बघितलंही नाहीस."

हे खरं आहे.

३० डिसेंबर

आठ चरी. आठ नमुने. एकही गुलाबी नाही.

पूड जुनी आहे का म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं. लगेच गुलाबी झालं. पूड चांगली आहे.

म्हणजे यादी चुकली आहे किंवा मी. दोन्ही तपासले. यादीत चूक सापडत नाही. जेवले नाही. साहेबांचा निरोप आला, नऊ जानेवारीला रात्री मसुदा हवा. मोघम लिहिलं तरी चालेल, म्हणाले. "कारण अनिश्चित" असा रकाना आहेच. त्या रकान्यात खूण केली तर नळ बंद होतील. दहाला सभेत कोणालाच दुसरं कारण दिसणार नाही.

३ जानेवारी, बुधवार

पहाटे उणे सात. उजाडल्यावर निघाले, साडेसातला सेमगोलला पोचले. यादी तशीच घेऊन परत एकेक चर बघायची, एवढंच ठरवलं होतं.

चन्था बाबांच्या चौथ्या पॉलीहाऊसच्या दाराशी पेट्या रचत होती. मी पुढे चालले होते.

"इकडचं नाही घेत?" तिने विचारलं.

"काय?"

"पाणी. सगळ्यांचं घेतलंत. मालकांचं नाही घेतलं."

मी यादी उघडली. आठ नावं. बाबांच्या नऊ पॉलीहाऊसपैकी पाचांवर पाण्याचा पडदा आहे. बांधला तेव्हा मीच त्याच्या नळ्यांचा व्यास काढून दिला होता. तरी यादीत नाव नाही. वगळलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "मी सांगितलं असं लिहू नका. मार्चमध्ये माझे कागद जायचेत, मालकांची सही लागते. ती मिळाली तर इथे राहता येईल, नाहीतर जावं लागेल." मग पेट्या उचलून आत गेली.

मी चरीत बाटली धरली. पूड टाकली. फिकट, पण गुलाबी.

चरीच्या वर, पॉलीहाऊसच्या मागच्या भिंतीशी, गवताच्या पेंढ्यांखाली जोड होता. नवा व्हॉल्व्ह, निळं हँडल. सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. त्या थेंबांचा नमुना घेतला. स्वयंपाकघरातल्या नळाइतका गुलाबी.

पेंढ्या होत्या तशा परत लावल्या. का लावल्या ते माहीत नाही.

आमच्या कार्यालयाच्या नियमांत लिहिलं आहे: जवळच्या नातेवाइकाचा संबंध आढळल्यास तपासणी दुसऱ्याकडे द्यावी. दुसरा माणूस येणार पंधरा तारखेनंतर. सभा दहाला आहे.

५ जानेवारी

घरी गेले. काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते.

बाबा शेगडीपाशी हातमोजे वाळवत होते. डोळे लाल. म्हणाले, "सापडलं का, कुठे गळतंय?"

"अहवाल दहाला."

"लहानपणी काही लपवायचं असलं की तू डावा कान धरायचीस."

माझे दोन्ही हात खिशात होते. तिथेच ठेवले.

आई म्हणाली, "तिला जेवू तरी द्या."

थोड्या वेळाने बाबा आपणहूनच बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, शेगडीशी बोलल्यासारखे. "आपली बोअर गेल्या हिवाळ्यात आटली, चार पिंपं भरतील एवढंच येतं. खाली आणखी चाळीस मीटर जायला हवं म्हणाले. तीन पॉलीहाऊस असती तर पुरलं असतं. पण नऊ आहेत आणि नऊ बंद करता येत नाहीत. पानं काळी पडली तर त्यांना काम काय देऊ? या पोरांना मी नाही ठेवणार तर कोण ठेवेल?"

"मग त्यांचेच नळ का बंद करायचे?" हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

त्यांनी हातमोजे उलटे करून परत शेगडीपाशी ठेवले. "कोणाचे तरी बंद करायलाच लागतात," म्हणाले. "नाहीतर लोक शोधत बसतात."

आईने डब्यात किमची भरून दिली. बसमध्ये झाकण सैल झालं. हाताला वास अजून आहे.

६ जानेवारी, शनिवार

समोर बसून बोलले तर मी कान धरीन किंवा ते हातमोजे वाळवतील. म्हणून पत्र. आज दुपारी घरी जाऊन आईकडे देणार आहे. प्रत इथे ठेवते. त्यातला एक मुद्दा खरा नाही. तो मी विचार करून तसा ठेवला आहे.

बाबा,

१. टाकीतून थंडीच्या प्रत्येक रात्री दहा ते सहा या वेळात २५,६०० लिटर पाणी जातं. ते गेलं नाही तर टाकी गावाला आणि कंटेनरना, सगळ्या दीडशे माणसांना, पुरते.
२. ते पाणी तुमच्या चौथ्या पॉलीहाऊसच्या मागे जोडलेल्या नळीतून जातं. जोड, व्हॉल्व्ह आणि चरीचं पाणी मी स्वतः तपासलं आहे. नमुने माझ्याकडे आहेत.
३. पाण्याचा पडदा वापरणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालायचं राहिलं होतं, हे ३ तारखेला नोंदी चाळताना माझ्याच लक्षात आलं. मला कोणी काही सांगितलेलं नाही.
४. बोअरच्या पाण्यात नायट्रेट ३१ आहे. त्या पाण्याचं पिंप कोणालाही देऊ नका. दुसऱ्या रांगेत मार्चमध्ये बाळ यायचं आहे.

दहा तारखेच्या सभेत मी पहिला, दुसरा आणि चौथा मुद्दा वाचणार आहे. तुम्ही त्याआधी जोड स्वतः काढला आणि सभेत स्वतः उठून सांगितलंत, तर अहवालात मी तेही लिहीन, आणि तुमच्यानंतर बोलेन. नाही सांगितलंत तर आधी मी बोलेन. "कारण अनिश्चित" असं मी लिहिणार नाही.

जोड काढला तर पडद्याच्या पाच पॉलीहाऊसमधली पानं काळी पडतील. पुढच्या थंडीपर्यंत पडद्याचं तेच पाणी परत परत फिरवून कमीत कमी किती लागेल त्याचा हिशोब मी काढून देते. पाचही वाचणार नाहीत. दोन वाचतील. चन्थाच्या कागदांवर तुम्ही सही कराल असं मी धरून चालले आहे. त्याचा या पत्राशी संबंध नाही.

तुम्ही काय करणार ते मला लिहून कळवा. दोन ओळी पुरे. आईकडे दिलंत तरी चालेल. मंगळवारी, नऊ जानेवारीला, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर हवं.

गाराम